बुरशी लागलेलं खाद्य, फिकट तुरे आणि हळद

प्रश्न : ब्रॉयलर पक्ष्यांचे तुरे फिकट पडलेत, वाढ खुंटली आहे. खाद्यातल्या मक्याला बुरशी होती. हळद मिसळली तर विष उतरतं म्हणतात. मिसळावी का, आणि किती?

उत्तर : लक्षणं अफ्लाटॉक्सिनच्या विषबाधेशी जुळतात. ॲस्परजिलस नावाची बुरशी मका, भुईमूग पेंड आणि सरकी पेंडीवर हे विष तयार करते. याच विषामुळे 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमूग पेंड खाल्लेले एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले होते.

यकृतात गेल्यावर हे विष जास्त घातक रूप घेतं. मग हिमोग्लोबिन घटतं, रक्तातली प्रथिनं कमी होतात, रक्त लवकर गोठत नाही. मेलेल्या पक्ष्याची कातडी सोलून पाहा. मांडीवर, छातीवर रक्त साकळल्याचे डाग आणि पिवळट, ठिसूळ यकृत दिसलं तर संशय बळावतो. प्रतिकारशक्तीही खचते, त्यामुळे लस देऊनही रोग येतात.

हळदीतलं करक्युमिन यकृताच्या पेशींना या माऱ्यापासून काही अंशी वाचवतं आणि विषाचं घातक रूपांतर कमी करतं. किलोभर खाद्यात 1 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन घालून ब्रॉयलरवर चाचण्या झाल्या आहेत. त्यात किलोमागे 5 ग्रॅम हळद पावडर दिल्यावर नुकसान कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. विष आतड्यातच धरून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर सोबत दिला, तेव्हा फायदा वाढला. म्हणून हळद द्यायची तर याच प्रमाणात आणि बाइंडरसोबत द्या. करक्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, आणि हळदीगणिक त्याचं प्रमाणही बदलतं. त्यामुळे निव्वळ हळदीवर विसंबून तोच मका चालू ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ते खाद्य आजच बंद करा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि पशुवैद्यकांना पक्षी दाखवा. मका भाजून किंवा उकळून विष जात नाही. बुरशी झटकली तरी दाण्यात विष राहतं. पुढचा मका 13 टक्क्यांपेक्षा कमी ओलावा येईपर्यंत वाळवा आणि पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा.

आणि खराब मका दुभत्या जनावरांपुढे टाकून संपवू नका. हे विष रूप बदलून दुधात उतरतं.