पाऊस लागला की रिपीटर बहिरा का होतो?

प्रश्न : ताई, आमच्या हॅम (हौशी) रेडिओ गटाचा 145 मेगाहर्ट्‌झचा रिपीटर (कमकुवत सिग्नल ऐकून तो त्याच क्षणी जोरात पुढे पाठवणारा रेडिओ) साताऱ्याजवळ डोंगरावर आहे. वर फायबरग्लासच्या नळीतला अँटेना, खाली 30 मीटर आरजी-213 केबल. उन्हाळाभर झकास चालतो. जूनमध्ये पाऊस लागला की लांबच्या हँडी (हातातले छोटे रेडिओ) येतात न येतात, खरखर होऊन तुटतात. खोलीत मीटर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद उलटून येते त्याचं माप; 1 म्हणजे काहीच नाही) 1.8 दाखवतो, म्हणजे अँटेना ठीक असावा. रिसीव्हर बदलावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रिसीव्हरला हात लावू नका. आधी त्या 1.8 चं बघू. 30 मीटर आरजी-213 या फ्रिक्वेन्सीला साधारण अडीच डेसिबल खाते. वर जाताना अडीच आणि अँटेनाकडून उलटून येताना पुन्हा अडीच. म्हणजे परत आलेली ताकद मीटरपर्यंत पोचेपोचेतो वाटेतच जिरलेली असते. हिशेब मांडला तर वर एसडब्ल्यूआर 3 असेल तेव्हा खाली 1.8 दिसतो. केबल जितकी वाईट, तितका मीटर गोड बोलतो! अँटेना खरोखर तपासायचा तर अँटेना मोजणारा ॲनालायझर घेऊन वर चढा आणि अँटेनाच्या तोंडाशी मोजा.

पण तुमची खरखर नुसत्या एसडब्ल्यूआरची वाटत नाही. घरच्या स्टेशनवर आपण बोलतो तेव्हा ऐकत नाही आणि ऐकतो तेव्हा बोलत नाही. रिपीटर मात्र एकाच अँटेनावरून दोन्ही कामं एकाच क्षणी करतो, तीही फक्त 600 किलोहर्ट्‌झच्या अंतराने. 25 वॅट बाहेर चालले आहेत आणि त्याच केबलमधून 0.2 मायक्रोव्होल्टचा एखादा हँडीवाला आत यायचा आहे. या दोहोंत 165 डेसिबलचा फरक पडतो. डुप्लेक्सर नावाचा फिल्टर ट्रान्समीटरला रिसीव्हरपासून आवरतो खरा, पण डुप्लेक्सरच्या पुढे, म्हणजे केबलमध्ये किंवा अँटेनात जो रेडिओ-गोंगाट तयार होतो, तो थेट रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन बसला तर त्याला कोण अडवणार? नळीतला कथिलाचा एखादा डाग सुटलेला, कनेक्टरमध्ये हिरवी पूड साचलेली, टॉवरच्या गंजक्या बोल्टला लागून दुसरा पत्रा हलतोय. ट्रान्समीटर चालू झाला की अशा प्रत्येक जागी बारीक ठिणग्या उडतात. नेमका हाच अँटेना घरी लावलात तर वर्षानुवर्षं तक्रार येणार नाही. म्हणून ‘माझ्या गच्चीवर मस्त चालतो’ ही शिफारस रिपीटरसाठी मी मोजतच नाही.

दोष वर आहे की खाली, ते ठरवायला डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, ताकद जिरवणारा रोधक) पुरतो. गटात कुणाकडे सिग्नल जनरेटर असेल तर तो कपलरमधून (लाइनीत थोडासाच सिग्नल सोडणारा जोड) जोडा आणि ऐकू येईल-न येईल असा सिग्नल रिसीव्हरला द्या. आता ट्रान्समीटर चालू-बंद करा. अँटेना जोडलेला असताना सिग्नल खरखरीत बुडतो आणि त्याच्या जागी डमी लोड लावल्यावर बुडत नाही, तर भानगड केबलपासून वर आहे. डमी लोडवरही बुडत असेल तर डुप्लेक्सर आणि त्याच्या जोडकेबली बघा. त्या जोडकेबलींत फॉइल आणि जाळी असं दुहेरी कवच असलेली केबल असेल तर काढून टाका. ॲल्युमिनियमचं फॉइल आणि कल्हईच्या तांब्याची जाळी एकमेकांवर घासतात आणि रिपीटरवर हाच खरखरीचा कारखाना होतो. तिथे आरजी-214 किंवा आरजी-400 हवी, ज्यात दोन्ही जाळ्या चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असतात. वर जाणारी मुख्य केबल अर्ध्या इंचाची, पन्हळी तांब्याच्या कवचाची घ्या. तीस मीटरला एक डेसिबलही जात नाही.

पावसातच बिघडतो म्हणता, तर नळीच्या बुडाचं भोक बघा. आत साचलेलं पाणी गळून जावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. दर गटात एक काळजीवाहू माणूस असतो, तो उत्साहाने तेही बुजवतो. मग नळीत घाम धरतो, पाणी साठतं आणि ते बाहेर यायला वाट नसते. नळी हाताला खरखरीत लागते का, पांढरे धागे सुटलेत का, तेही पाहा. उन्हाने वरचा थर गेला की फायबर पाणी पितं.

नवा घ्यायचा झाला तर माझं मत उघड आहे : चार उघड्या फोल्डेड डायपोलचा (दुमडून वळसा केलेल्या दांड्यांचा). अमेरिकेतले जुने रिपीटरवाले डीबी-224 या अँटेनाचं नाव घेतात तो हाच नमुना. सहा-साडेसहा मीटरच्या खांबावर चार वळसे, दिसायला जुनाट. पण प्रत्येक डायपोल खांबाला थेट जोडलेला असतो, त्यामुळे वळवाच्या दिवसांत साठणारा भार जमिनीत उतरतो. पाणी आलं तरी वाहून जातं. आणि काय तुटलंय ते दुर्बिणीतून दिसतं. नळीच्या आत काय चाललंय ते देव जाणे.

प्रश्न : दुकानदार 10 डेसिबलचा अँटेना घ्या म्हणतो. आमचा डोंगर गावाच्या डोक्यावर, 700 मीटर उंच आहे. गावाला जास्त फायदा होईल ना? (एक वाचक, वाई)

उत्तर : उलट होईल. अँटेना ताकद निर्माण करत नाही. वर-खाली जाणारी दाबून क्षितिजाकडे सरकवतो, इतकंच. चार डायपोलचा अँटेना उभ्या दिशेत जेमतेम 16 ते 18 अंशांची पट्टी उजळतो, म्हणजे क्षितिजाखाली आठ-नऊ अंश. तुमच्यापासून 3 किलोमीटरवरचं गाव 700 मीटर खाली असेल तर ते 13 अंश खाली आलं. सगळा जोर गावाच्या डोक्यावरून निघून जाणार. लांब 40 किलोमीटरवरच्या माणसाला मात्र तुम्ही जोरात ऐकू जाल, कारण त्याच्यासाठी उतार एका अंशाचा आहे. गाव महत्त्वाचं असेल तर दोनच डायपोल लावा, पट्टी रुंद होते. चारही हवेतच, तर खाली झुकवलेली पट्टी मिळेल अशी जुळणी मागा.

आणि दुकानदाराला विचारा, 10 डेसिबल कशाच्या तुलनेत? डायपोलच्या की चहूकडे सारखी ताकद फेकणाऱ्या काल्पनिक बिंदूच्या? दोहोंत 2.15 डेसिबलचा फरक आहे, आणि छापील कागदावर नेहमी मोठा आकडा असतो. चार डायपोल चहूदिशांना फिरवून लावले तर डायपोलपेक्षा सुमारे 6 मिळतात, सगळे एका बाजूला लावले तर त्या बाजूला 9 च्या आसपास. घाटाच्या कड्यावर असाल आणि कोकणात ऐकणारं कुणी नसेल, तर सगळे पूर्वेकडे करा. फुकटचे तीन डेसिबल का सोडायचे?

प्रश्न : कनेक्टरवर सिलिकॉन फासलं तर चालेल का? इथे खारी हवा आहे. (रत्नागिरी)

उत्तर : आंबूस वास येणारं नको. त्यातलं ॲसिड तांबं खातं. मुळात पीएल-259 जातीचा कनेक्टर उघड्यावर वापरू नका, एन जातीचा घ्या. घट्ट बसवून त्यावर आपल्याआपण चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि वर काळी पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर न्या, म्हणजे कौलांसारखे पदर पडतात आणि पाणी खाली ओघळतं. केबल खोलीत शिरण्याआधी खाली लोंबता वळसा ठेवा. हे सगळं मेमध्ये, सकाळी, आभाळ भरून यायच्या आत उरका. चढण्यापूर्वी ट्रान्समीटर बंद करून त्याची फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा.