बेव्हासिझुमॅब चालू असताना हर्नियाचं ऑपरेशन करावं का?

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या अण्णांची फाईल डोळ्यापुढं आली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात गाठी, केमोसोबत ‘रक्तवाहिन्या रोखणारं’ इंजेक्शन आणि त्यातच बेंबीचा हर्निया. अगदी हेच आमच्याकडं होतं. हृदयाच्या नळ्या बंद पडतील का आणि हर्निया आत्ताच उरकावा का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, परभणीत दुकान चालवतो. त्यामुळं हे तुमच्या डॉक्टरांपुढं ठेवूनच काय ते ठरवा.

स्टेज, केमो वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार. इंजेक्शन बहुधा बेव्हासिझुमॅब असेल. गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढायचं तर स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, हे ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जननी १९७१ साली मांडलं. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की एरवी लगेच मोडून जाणारं एचआयएफ हे प्रथिन टिकून राहतं आणि पेशी व्हीईजीएफ नावाचा निरोप बाहेर सोडतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये केआरएएस जनुकातला बिघाडही या निरोपाला जोर देतो. शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे हा निरोप पकडणाऱ्या जागा, असतात. निरोप तिथं चिकटला की त्या पेशी वाढतात, गाठीकडं सरकतात आणि वाहिनीला नवी फांदी फुटते. रात्रीतून कॅनॉलवर मोटारी टाकणारे असतात ना, तशातला प्रकार. फक्त या नळ्या वेड्यावाकड्या नि गळक्या असतात.

बेव्हासिझुमॅब हा निरोप रिसेप्टरपर्यंत पोचण्याआधीच धरून ठेवतं. हृदयाच्या चालू नळ्या ते थेट बंद करत नाही. पण बीपी वाढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात आणि रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो. वय पासष्टच्या पुढं असेल आणि आधी हृदयाचा झटका किंवा लकवा येऊन गेला असेल तर जास्तच. ते लपवू नका.

आता हर्निया. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्यांना बोलावणारा निरोपही हाच. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच साधारण २० दिवस घेतं. म्हणून पुढं ढकलता येण्यासारखं ऑपरेशन असेल तर आधी किमान २८ दिवस हे इंजेक्शन बंद ठेवतात. नंतरही किमान २८ दिवस, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत, देत नाहीत.

आमचं घोडं इथंच अडलं. ज्या मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन चालू होतं, त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर दरवेळी एकच ओळ: ‘केमो दिली, प्रकृती स्थिर’. औषधाचं नाव नाही, डोस नाही. हर्नियाच्या सर्जननं कार्ड पाहून साध्या केमोच्या हिशेबानं तारीख दिली. टाके उघडले, जखम कितीतरी दिवस चिघळत राहिली आणि तेवढे दिवस कॅन्सरचा इलाज थांबला. सविस्तर नोंद मागायला गेलो तर रेकॉर्डच्या खिडकीवर आज साहेब नाहीत, उद्या फाईल योजनेच्या टेबलावर, परवा अर्ज चुकीच्या नावानं. गावाकडून एसटीनं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे लोक ‘नंतर या’ म्हणतात तरी कसं! असो.

माझं मत, पटलं तर घ्या: केमोच्या दर सायकलला (पाळीला) औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि तारीख कार्डावर लिहून, सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रिकाम्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. दात काढायचा असला तरी तो फोटो दाखवा.

किती फायदा होईल याबद्दल कुणी स्वप्नं दाखवली तर सावध राहा. २००४ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत, तेव्हाच्या केमोसोबत हे दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, निम्मे कमी) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. कमी नाही, पण चमत्कारही नाही. आणि कॅन्सर पसरलेलाच नाही, तरी ऑपरेशननंतर ‘खबरदारी म्हणून’ घ्या असं कुणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्याच. तिथं चाचण्यांत फायदा दिसलेला नाही. भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर, म्हणजे याच औषधाची दुसऱ्या कंपनीनं बनवलेली जवळपास तशीच आवृत्ती, बरंच स्वस्त पडतं, त्याबद्दल विचारायला लाजू नका.

आणखी एक. या औषधानं क्वचित आतड्याला भोक पडतं. पोटात एकदम जोराची कळ आली, पोट ताठ झालं, तर हर्नियाच दुखतोय असं समजून सकाळपर्यंत घरी थांबू नका.