करारच उरले नाहीत, मग काम कोण देणार?

नमस्कार,

तुमची लेक फिजिक्स घेऊन टी.वाय. बी.एस्सी.ला आहे आणि तिला पुढे अण्वस्त्र नियंत्रणात काम करायचंय. अमेरिका-रशियाच्या शेवटच्या कराराची मुदतही संपली, चीन चर्चेला बसत नाही, मग यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारता. आणि तिने राज्यशास्त्राकडे वळावं का?

आधी दुसरं. फिजिक्स अजिबात सोडू देऊ नका. अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या १९८७ च्या आयएनएफ कराराने (मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा करार) २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. सह्या रेगन-गोर्बाचेव्ह यांच्या, पण एकमेकांच्या शब्दावर कुणाचाच भरवसा नव्हता. म्हणून रशियातल्या वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकाशी अमेरिकी निरीक्षक वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होते. बाहेर पडणाऱ्या वॅगनमध्ये बंदी घातलेलं क्षेपणास्त्र नाही ना, हे मोजमापं घेऊन तपासायचे. गुपचूप केलेली अणुचाचणी पकडायची तीही अशीच, जमिनीतल्या हादऱ्यांच्या लहरी मोजून. भूकंपात खडक घसरतो, तिथे एस-लहरी (जमीन आडवी हलवणाऱ्या) ठळक उमटतात. स्फोटाचा धक्का सगळ्या बाजूंना सारखा ढकलतो, तिथे पी-लहरी (दाबत-ढकलत जाणाऱ्या) वरचढ. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापक यंत्रणा १९६० च्या दशकापासून हेच ऐकते आहे.

आता भवितव्य. चित्र वाईट आहे, मलाही त्याची काळजी वाटते. तुम्ही म्हणता तो शेवटचा करार, म्हणजे तैनात अण्वस्त्रांवर १,५५० ची मर्यादा घालणारा न्यू स्टार्ट, त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. तरीही १९८० च्या दशकात जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रं होती, आज १२ हजारांच्या आसपास आहेत. ती करारांमुळेही घटली. आपल्याकडेच बघा: भारत-पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिल्या.

नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे खरं. म्हणून आधी न्यूक्लिअर फिजिक्स किंवा जिओफिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊ द्या, त्यावर भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचा रस्ता खुला राहतो. पुढे अनुभवावर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत निरीक्षक होता येतं. सीटीबीटीवर (सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार) भारताची सही नाही, त्यामुळे त्या कराराच्या संघटनेतल्या नोकरीच्या भरवशावर राहू नका. धोरणाची बाजू नंतर जेएनयूत किंवा बंगळुरूच्या एनआयएएस या संशोधन संस्थेत शिकता येईल. सध्या जॅमची (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) तयारी, आणि जमल्यास रशियन भाषेचा वर्ग.