रक्ताचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, आता पुढं काय?

जनावरांच्या लसीकरणानंतर गावोगाव घेतलेल्या रक्तनमुन्यांचे अहवाल आले, आणि त्या दिवसापासून माझा फोन थांबलेला नाही. प्रश्न बहुतेक एकच: “साहेब, पॉझिटिव्ह आलंय, जनावर ठेवू का काढू?” करोनात आपण सगळ्यांनीच पॉझिटिव्ह म्हणजे आजारी हे समीकरण पाठ केलं. ते समीकरण नाकातल्या नमुन्याचं होतं. जनावराच्या रक्तातली अँटीबॉडी तपासणी विषाणू शोधतच नाही. विषाणूची किंवा लसीची या जनावराशी पूर्वी कधी गाठ पडली होती का, एवढंच ती सांगते. गाठ कधी पडली, कुणाशी पडली, हे कळायला जनावराचं वय, लसीची तारीख आणि मागचं दुखणं माहीत असावं लागतं. आलेल्या प्रश्नांपैकी चार निवडून उत्तरं देतो. बाकीच्यांची उत्तरं यातच मिळतील.

“दुसऱ्या वेताची एचएफ गाय घेतली. लाळ्या खुरकुताची तपासणी केली तर ओ, ए आणि एशिया १ तिन्ही पॉझिटिव्ह. विकणारा म्हणतो हे चांगलंच आहे, शेजारी म्हणतो परत दे. खरं कुणाचं?” (फलटण तालुका)

विकणाऱ्याचं खरं आहे, पण अर्धंच. ओ, ए आणि एशिया १ हे आपल्याकडच्या लाळ्या खुरकूत विषाणूचे तीन प्रकार. आपल्या सरकारी लसीत हे तिन्ही असतात. म्हणून तिन्ही पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा गायीला लस वेळेवर मिळाली आहे. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर घेऊन दवाखान्यात या. भारत पशुधन प्रणालीवर लसीची नोंद असेल तर दोन मिनिटांत दिसेल.

उरलेलं अर्धं असं, की रोग होऊन गेलेल्या गायीच्या रक्तातही याच अँटीबॉडी असतात. वरचा अहवाल दोन्हींत फरक करत नाही. फरक करणारी चाचणी वेगळी आहे, तिला ‘एनएसपी’ म्हणतात. विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढायला लागतो तेव्हा काही प्रथिनं तयार होतात, ती त्याच्या अंगावर नसतात, कामापुरती असतात. चोर घरात शिरून चूल पेटवील तरच धूर निघेल, तसं. लसीतला विषाणू मारलेला असतो आणि लस बनवताना ही कामाची प्रथिनं गाळून टाकलेली असतात. म्हणून लस मिळालेल्या गायीत वरचे तिन्ही पॉझिटिव्ह आणि एनएसपी निगेटिव्ह येतं. एनएसपीही पॉझिटिव्ह आलं तर खरा विषाणू तिच्या अंगात कधीतरी वाढून गेला, असं धरायचं.

‘कधीतरी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. एनएसपीच्या अँटीबॉडी रोग बरा झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. शिवाय वर्षानुवर्षं लस घेत आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या गायीत लसीतल्या उरल्यासुरल्या अंशामुळंही हलकं पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणूनच गावात विषाणू फिरतोय का हे बघताना आम्ही ६ ते १८ महिन्यांच्या कालवडी आणि वासरं निवडतो. त्यांना लसी थोड्याच झालेल्या असतात आणि आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडी तोवर संपलेल्या असतात.

तुमच्या गायीबाबत माझा सल्ला असा: परत देऊ नका. नवीन जनावर म्हणून तिला २१ दिवस वेगळी बांधा. दावण, बादली, धार काढणारा माणूसही शक्यतो वेगळा ठेवा. एनएसपी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली, तरी तोंडात-खुरांत काही नसेल आणि ताप नसेल, तर गाय आज आजारी नाही. मात्र रोग होऊन गेलेल्या काही गायींच्या घशात विषाणू पुढं बराच काळ टिकून राहतो, हे ध्यानात ठेवून तुमच्या बाकीच्या जनावरांची लस चुकवू नका. वासराला पहिली लस चौथ्या महिन्यात, महिन्याभरानं बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी.

“वाडा (आमचं बिऱ्हाड आणि कळप) कोकणात उतरायच्या आधी १८० मेंढ्यांपैकी काहींचं रक्त दिलं. मोठ्यांना पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस गेल्या वर्षी झाली आहे. दीड-दोन महिन्यांच्या कोकरांना लस दिलीच नव्हती, तरी ती पॉझिटिव्ह. कळपात रोग शिरला का?” (माण तालुका)

दादा, काळजी करू नका. ही अँटीबॉडी कोकरांची नाही, त्यांच्या आयांची आहे. माणसाच्या बाळाला आईकडून अँटीबॉडी पोटात असतानाच मिळते. गायी-मेंढ्यांत वार (गर्भासोबत पडणारी झार) अँटीबॉडी पलीकडं जाऊ देत नाही. कोकरू जन्मतं ते कोऱ्या रक्तानं, आणि सगळं काही चिकातून घेतं. पहिल्या सहा तासांत पोटभर चीक मिळाला तर ठीक. दिवस उलटल्यावर आतडं त्या अँटीबॉडी रक्तात घेतच नाही. म्हणजे तुमची कोकरं पॉझिटिव्ह आली याचा अर्थ मेंढ्यांची लस लागली आणि कोकरांनी चीक वेळेवर प्यायला. तुमच्या घरच्यांचंच हे प्रशस्तिपत्रक आहे.

पण याच अँटीबॉडीमुळं या वयात लस फुकट जाते. पीपीआरची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. आईकडून आलेल्या अँटीबॉडी त्याला वाढू देत नाहीत आणि कोकराचं शरीर काही शिकतच नाही. त्या अँटीबॉडी तीन-चार महिन्यांत ओसरतात. म्हणून चार महिन्यांच्या आत घाई करू नका. तुमचा वाडा तोवर खाली उतरलेला असेल हे मला कळतं. कोकरांचं वय लिहून ठेवा, आणि जिथं मुक्काम असेल तिथल्या दवाखान्याला दाखवून लस घ्या. लस एकदा नीट लागली की किमान तीन वर्षं पुरते. मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या केंद्रात ती तयार झाली, आणि ही अँटीबॉडी मोजणारी चाचणीही तिथलीच.

यात एक मर्यादा आहे. लाळ्या खुरकुतासारखी लस आणि रोग वेगळे सांगणारी चाचणी पीपीआरला नाही. मोठ्या मेंढीचा पॉझिटिव्ह अहवाल लसीचा की रोगाचा हे कागदावरून सांगता येणार नाही, तुमच्या आठवणीवरूनच सांगता येईल. आणि कळपात आज ताप, नाकातून घाण, तोंडात फोड, हगवण असं दिसत असेल तर अँटीबॉडीच्या मागं लागूच नका. लागण झाल्यावर अँटीबॉडी मोजण्याइतकी व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो, आणि तोवर मरतुक सुरू झालेली असते. तेव्हा नाकातला आणि डोळ्यातला नमुना द्यायचा, त्यात थेट विषाणू सापडतो. असा संशय आला तर कळप जागीच थांबवा आणि दवाखान्याला कळवा. २००९ च्या संसर्गजन्य रोग कायद्यानं हे कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

“सगळ्या १८० चं रक्त का घेतलं नाही?” असंही तुम्ही विचारलंत. गरज नसते. कळपात दर दहांत एक मेंढी बाधित असेल आणि चाचणी चुकत नाही असं धरलं, तर २७ मेंढ्या तपासल्या तरी त्यांत निदान एक सापडण्याची खात्री शेकडा ९५ असते. अट एकच, मेंढ्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कुठूनही उचललेल्या हव्यात. लंगड्या, मागं राहणाऱ्या, हाताला पटकन लागणाऱ्या तेवढ्याच पकडून आणल्या तर हिशेब चुकतो.

जुन्या माणसांना बुळकांड्या आठवत असेल. गोठेच्या गोठे ओस पाडणारा तो रोग आपल्या देशात १९९५ नंतर दिसला नाही, आणि २०११ मध्ये तो जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. ते खात्रीनं म्हणता आलं ते याच तपासणीच्या जोरावर. आधी लस किती जनावरांत लागली ते रक्तावरून मोजलं. मग लस थांबवली, आणि त्यानंतर जन्मलेल्या वासरांच्या रक्तात अँटीबॉडी आहे का ते शोधत राहिले. लस नाही आणि अँटीबॉडीही नाही, म्हणजे विषाणू फिरत नाही. पीपीआर २०३० पर्यंत असाच संपवायचं ठरलं आहे. तुमच्या २७ नमुन्यांचा उपयोग तिथं आहे. एकेका मेंढीचा निकाल त्यामानानं गौण.

“आठ गायींपैकी एक सातव्या महिन्यात गाभडली. तपासणीत आयबीआर पॉझिटिव्ह निघालं. शेजारीण म्हणते लागण झाली आहे. गाय काढून टाकावी का?” (बारामती तालुका)

ताई, आधी दुसरी शंका फेडून घ्या. गाभडलेल्या गायीत ब्रुसेला या जंतूची तपासणी सोडून चालत नाही, कारण त्याचा रोग माणसालाही होतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्याला देऊ नका, चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच वापरा.

आता आयबीआर. हा नागिणीच्या घराण्यातला विषाणू. एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठींत दडून जन्मभर राहतो. व्याल्यावर, लांबच्या प्रवासानंतर किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर पुन्हा डोकं वर काढतो. त्याची सरसकट लस आपल्याकडं दिली जात नाही, त्यामुळं इथं पॉझिटिव्ह म्हणजे लागण झालेली आहे, असाच अर्थ घ्यायचा. इथवर शेजारणीचं बरोबर. पण लागण आहे म्हणून गाभडण्याचं कारण तेच, असं होत नाही. पॉझिटिव्ह पण दरवर्षी नीट विणाऱ्या गायी मी कितीतरी पाहिल्या आहेत. कारण शोधायचं तर उरलेल्या सातही गायींचं रक्त द्या. आणि या गायीचं रक्त तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. अँटीबॉडीचं प्रमाण पहिल्यापेक्षा चौपट किंवा जास्त वाढलेलं दिसलं तर विषाणू आता जागा आहे. तेवढंच राहिलं तर जुनी गोष्ट. मात्र गाभडल्यावर उशिरा घेतलेल्या रक्तात ही वाढ आधीच होऊन गेलेली असते. तेव्हा पुढच्या वेळी त्याच दिवशी फोन करा.

एवढ्यावरून गाय काढू नका. ही गाय आयबीआर पॉझिटिव्ह आहे हे डॉक्टरांना दर वेळी सांगा, म्हणजे स्टेरॉइड विचार करून देतील. गावातल्या वळूकडं नेऊ नका, कृत्रिम रेतनच करा.

आयबीआरच्या अगदी उलट वागणारा एक विषाणू आहे, बीव्हीडी. गाभणपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत आईला त्याची लागण झाली तर पोटातलं वासरू त्या विषाणूला आपलाच समजतं. जन्मभर विषाणू सोडत राहतं, पण त्याच्या रक्तात अँटीबॉडी बहुधा सापडतच नाही. तिथं ‘निगेटिव्ह’ वासरूच सगळ्यांत धोक्याचं.

“लम्पीची लस दिली, तरी रक्तात अँटीबॉडी नाही म्हणतात. परत लस टोचू का?”

नको. देवीच्या घराण्यातल्या विषाणूंशी लढताना शरीर अँटीबॉडीपेक्षा पेशींवर जास्त अवलंबून असतं, आणि ते या चाचणीत दिसत नाही. लसीची तारीख पाळा, गोचीड-माश्या आवरा.

रक्त देताना काय सांभाळायचं ते माझ्याच चुकीवरून सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी उन्हाळ्यात चाळीस नमुने थेट बर्फात खोचून पाठवले. वाटेत बर्फाच्या गारठ्यानं रक्ताच्या पेशी फुटल्या, सगळं रक्तजल (सीरम) लालभडक झालं, आणि चाळीसच्या चाळीस नाकारले गेले. चाळीस जनावरांना पुन्हा सुई. तेव्हापासून नियम असा: रक्त लाल झाकणाच्या साध्या नळीत घ्यायचं, जांभळ्या झाकणाच्या नाही, कारण तिच्यात रक्त गोठू न देणारं औषध असतं आणि आपल्याला ते गोठायलाच हवं. नळी तिरकी ठेवून तास-दोन तास सावलीत ठेवायची. वर पिवळसर रक्तजल सुटलं की तेवढंच वेगळं काढून थंड पेटीत ठेवायचं, नळी आणि बर्फ यांच्यामध्ये कापड घालायचं. प्रत्येक जनावराला नवी सुई. एकाच सुईनं दहा मेंढ्या टोचणारा माणूस दिसला तर त्याला तिथंच थांबवा, मी असलो तरी.

आम्ही येऊ त्या दिवशी जनावरं चरायला सोडू नका, धार काढून झाल्यावर बांधून ठेवा. मेंढ्या वाघरातच (जाळीच्या कुंपणात) असू द्या. बिल्ला पडला असेल तर आदल्या दिवशीच कळवा, नवा बसवून मगच रक्त घेऊ. आणि लसीची, विण्याची, दुखण्याची तारीख माहीत असलेला माणूस घरी हवा. मागच्या वेळी एका गोठ्यावर सगळे कारखान्यावर गेले होते आणि तारखा सांगायला आजीबाई एकट्या होत्या. त्यांनी दोन वर्षांतलं एकेक वेत तिथीसकट सांगितलं.