आजी आरतीला का थांबली नाही

प्रिय बाळा,

कोल्हापूरहून परतताना तू विचारलंस, "दुपारभर काकूंना चकल्या पाडू लागलेली आजी लक्ष्मीपूजनाची आरती सुरू होताच घरी का आली? आपण मराठी नाही का?"

मराठीच आहोत, अस्सल. अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, तिथून आपल्या ख्रिस्ती मंडळीची सुरुवात. पण त्यामुळे आपली भाषा बदलली नाही की ताटातला तांबडा रस्सा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, कीर्तनं केली. चाल आपली, ठेका आपला. पण उपासना कुणाची करायची, हे आपण ठरवायचं नाही. ते देवाने सांगून ठेवलंय.

बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक, बारावा अध्याय काढ. इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याचा राजा यराबाम याला धास्ती होती, की लोक सणाला यरुशलेमेच्या मंदिरात गेले तर तिथल्या राजाकडे वळतील. मग त्याने सोन्याची दोन वासरं केली, एक बेथेलात, एक दानात. लोकांना म्हणाला, एवढ्या लांब कशाला जाता? यांनीच तुम्हाला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, आणलं. सणासाठी आठव्या महिन्याची पंधरावी तारीख धरली, तीही मनानेच. देवाला सोडा असं तो कुठेही म्हणाला नाही बघ. लोकांची सोय केली, एवढंच! मला भीती वाटते ती याचीच. पुढचे राजे एकामागून एक त्याच वाटेने गेले आणि इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने ते राज्य बुडवलं.

आजीने काकूंना कधी तोडलं नाही. काकूही नैवेद्य दाखवण्याआधीच तिचा फराळाचा डबा वेगळा काढून ठेवतात, न सांगता. तो डबा आजी कधी रिकामा परत करत नाही, नाताळात करंज्या भरूनच जातो. दोघींची इतक्या वर्षांची माया आहे आणि आजीने हात मात्र एकाच देवापुढे जोडले. काकूंच्या देवाला नावं ठेवलेलीही मी ऐकली नाहीत. तूही कधी ठेवू नकोस.

आता तुझ्या पोहण्याच्या सरावाचं. तो रविवारी सकाळी ठेवलाय आणि "उपासना संध्याकाळी घरीच करू" असं तू म्हणालीस. ते नको. मंडळी जमते तेव्हा आपण तिथे असायचं. सरांशी शनिवारच्या गटाबद्दल मी बोलतो. जागा नसेल तर या हंगामात स्पर्धा राहू दे.

तुझा,
पप्पा