एकाच दिव्यापासून सुरुवात करावी

स्टुडिओतील प्रकाशयोजना शिकताना तीन-चार फ्लॅश एकदम विकत घेण्याचा मोह आवरावा. एक फ्लॅश, एक मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारी कापडी पेटी) आणि सावलीच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर्माकोलचा पांढरा तक्ता एवढ्यावर पहिले काही महिने सहज निघतात. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) 100, शटर 1/125 सेकंद आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/8 ठरवून घ्यावे, म्हणजे खोलीतील ट्यूबलाइटचा परिणाम जवळजवळ उरत नाही आणि जे दिसते ते केवळ फ्लॅशचेच असते.

मग दिवा चेहऱ्याच्या 45 अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा वर लावून नाकाच्या सावलीकडे पाहावे: ती गालाच्या सावलीला मिळाली की पलीकडच्या डोळ्याखाली प्रकाशाचा त्रिकोण उरतो, यालाच डच चित्रकार रेम्ब्राँच्या नावावरून रेम्ब्राँ पद्धत म्हणतात. खरी मेख मात्र अंतरात आहे. अंतर दुप्पट केले की प्रकाश एक चतुर्थांशच उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). शिवाय सॉफ्टबॉक्स लांब गेल्याने सावल्यांच्या कडाही कठोर होतात, म्हणून पोर्ट्रेटसाठी तो चौकटीत येणार नाही इतपत जवळ आणावा. फॅशनमध्ये डोक्यापासून पायापर्यंत पेहराव सारखा उजळायला हवा असल्यास दिवा लांब न्यावा लागतो, आणि हातमागाच्या कापडाचा पोत दाखवायचा असेल तर प्रकाश समोरून न टाकता बाजूने टाकावा.