कामाची वेळ लवचीक, तरी दिवस संपेना

प्रश्न: पुण्यात माझी 9 जणांची सॉफ्टवेअर टीम आहे, क्लायंट न्यूयॉर्कचा. 'कधीही या, कधीही जा, काम झालं की झालं' अशी मुभा दिली. सहा महिन्यांत सगळे जास्तच दमलेत, चुकाही वाढल्यात. मुभा काढून घ्यावी का?

उत्तर: मुळीच नको. तुम्ही दिवस सुरू करण्याची वेळ मोकळी सोडलीत, पण संपवण्याची ठरवलीच नाहीत. न्यूयॉर्कला सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. सकाळी 8 ला बसलेला माणूस त्या कॉलला थांबला की 12 तास झालेच.

आधी गेल्या दोन आठवड्यांचे संध्याकाळचे कॉल काढा आणि प्रत्येकात खरोखर बोललं कोण ते पाहा. बहुतेक ठिकाणी दोघांचं काम असतं, बाकीचे 'ऐकायला' बसलेले असतात. मग रोज दोघांची पाळी लावा. आठवड्याच्या 5 संध्याकाळी म्हणजे 10 पाळ्या, माणशी साधारण एक. पाळीवाल्यांचा दिवस दुपारी 12 ते रात्री 9, त्याआधी त्यांना मीटिंग नाही. सगळ्यांनी एकत्र असण्याची वेळ 1 ते 4. कॉलनंतर तीनच ओळी लिहायच्या: काय ठरलं, कोण करणार, कुठे अडलंय. या ओळी टाळल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे कॉलला हजर.

ही घडी मोडते ती दोन कारणांनी. एक, तुम्ही स्वतः रोज कॉलला बसता. साहेब आहेत म्हटल्यावर कोण उठणार? दुसरं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतलं घड्याळ तासभर मागे जातं. तेव्हा पाळी 1 ते 10 करा. मात्र महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, ऑफिसातून घरापर्यंत गाडीही द्यावी लागते. कोणी हरकत घेतली नाही म्हणजे संमती मिळाली, असं धरू नका.

काम संपणं आणि पुन्हा सुरू होणं यांत 11 तास तरी जाऊ द्या. युरोपीय संघाच्या नियमांत रोजच्या विश्रांतीची हीच किमान मर्यादा आहे.

कामगिरी मोजताना चॅटवरचा हिरवा ठिपका विसरा. त्यासाठी लोक नुसता माऊस हलवत बसतात. दर पंधरवड्याला किती कामं परत न येता स्वीकारली गेली ते मोजा, आणि तुलना त्याच माणसाच्या तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करा. चुका पाळीच्या दुसऱ्या सकाळी जास्त दिसल्या तर दोष वेळापत्रकाचा.

प्रश्न: रात्री 11 ला आलेल्या मेसेजला उत्तर नाही दिलं तर झोप लागत नाही.

उत्तर: वरिष्ठांशी दिवसा बोलून ठरवा: तातडीचं असेल तर फोन, मेसेज म्हणजे सकाळी. ठरलं की फोनवर रात्रीच्या सूचना बंद करा. तरीही दोन आठवडे झोप बिघडलेलीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत 'टेली-मानस' फोनसेवा 14416 वर आहे, मराठीतही बोलता येतं.